डंक्यावरची नोकरी

मला कामाला लावून देणाऱ्या मर्लिन मिसनी हे लिहायला सांगितलं. "आमच्याकडे नवीन येणारी पोरं विचारतात, मिस, आमच्यासारखं खरंच कोणी कामाला लागलंय का? मी किती जणांना सांगत बसू? तू लिहून दे," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लिहायला बसले की सगळं परत दिसायला लागतं आणि भीती वाटते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग भीती वाटते तेच लिही ना. भीती वाटत नाही असं लिहिलंस तर त्यांच्यातला एक जण तरी विश्वास ठेवेल का तुझ्यावर?"

म्हणून लिहिते. माझं नाव प्रणाली. कुठली गोळी, किती वेळा, ते मी लिहिणार नाही. ते ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते एवढंच की मी फार घाबरले होते, अजूनही घाबरते, आणि तरी कामावर जाते.

*

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकले. एसटी स्टँडसमोर बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले त्या दिवशी बाबांनी दुकान काही बंद ठेवलं नाही, पण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा ठेवला. बाबांची बोटं ग्रीसने काळी, पेढ्यांवर त्यांचे ठसे उमटलेले. लोकांनी ते तसेच खाल्ले.

नोकरीसाठी मी मुंबईला मामाकडे आले. मामा लालबागला चाळीत राहतो. आजोबा गिरणीत होते, त्यांचीच ती खोली. मामा, मामी, त्यांची मुलगी रूपाली आणि मी. मामा गोदीत कामाला असल्यामुळे त्याच्या ओळखीने शिवडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मला नोकरी लागली. गोदामातून कुठला ट्रक कुठे निघाला ते कॉम्प्युटरवर भरायचं. शाळेत आम्हाला संगणक शिकवणाऱ्या बाईंना मी फोन करून सांगितलं, बाई, तुम्ही शिकवलंत ते कामाला आलं. त्या रडल्या होत्या.

त्याच ऑफिसात मला पहिल्यांदा वाटायला लागलं की माझ्या बाटलीतलं पाणी कोणीतरी बदलतं. मग वाटलं, डब्यातल्या भाजीला वेगळा वास येतो. मी डबा न खाता परत न्यायला लागले. मामी विचारायची, "भाजी आवडली नाही का?" मी म्हणायचे, आवडली, पण भूक नव्हती.

आणि मग आवाज आला. लोकांना वाटतं आवाज म्हणजे कोणीतरी ओरडतं, शिव्या देतं. काहींना तसं होतही असेल. माझा आवाज एका पुरुषाचा होता आणि अगदी शांत. एसटी स्टँडवर गाड्यांची नावं सांगणारा माणूस असतो ना, त्याला गाडीचं सुखदुःख काही नसतं, तसा तो म्हणायचा, "यात मिसळलंय. खाऊ नको." एवढंच. मी मागे वळून बघायचे. मागे भिंत असायची.

शेवटी एक दिवस भर ऑफिसात मी मॅनेजरना विचारलं, "माझ्या डब्यात काय टाकलंत?" सगळे टायपिंग थांबवून माझ्याकडे बघायला लागले. संध्याकाळी मामाला बोलावणं गेलं. मॅनेजर त्याला म्हणाले, "काही दिवस आराम करू दे तिला." नोकरी गेली हे मला त्या वाक्यातून कळलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. वॉचमनने आत सोडलं नाही.

*

गावाहून आई आली. येण्याआधी तिने देवळात गाऱ्हाणं घातलं होतं आणि येताना अंगारा आणला होता. मला तिचा राग नाही. ती घाबरली होती आणि घाबरल्यावर काय करायचं ते तिला तेवढंच ठाऊक होतं.

मामाने मला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. "डोकं दुखतंय ना तुझं, ते दाखवून येऊ," असं सांगून नेलं, पण पाटी मला वाचता येत होती. बाकावर आमच्या बाजूला एक माणूस स्वतःशीच हसत होता. मामा हळूच सरकून माझ्या आणि त्याच्या मध्ये बसला. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, मामाला वाटतंय की मी त्या माणसासारखी नाही. बरं वाटलं होतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा ते बरं वाटणं संपलेलं होतं.

डॉक्टर माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मामा म्हणाला, "म्हणजे पोरगी वेडी झाली का?"

"आजारी झाली आहे. आणि ती इथे तुमच्या शेजारीच बसली आहे. तिला काय होतंय ते तिलाच विचारा ना."

तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. मामा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "काय होता गो तुका?" असं त्याने मालवणीत विचारलं, एरवी तो मुंबईचंच बोलतो. मला सांगायचं होतं. पण आवाज म्हणाला, "सांगू नको." मी मान खाली घातली.

जाताना मी डॉक्टरांना एकच विचारलं, "मी परत कामावर जाऊ शकेन?" त्या म्हणाल्या, "लगेच नाही. पण हो, जाशील." मला त्यातलं 'लगेच नाही' तेवढं खरं वाटलं.

*

आता जे लिहिते ते आईला विचारून लिहिते आहे.

मी गोळ्या घेत नव्हते. ज्याला वाटतं आपल्या अन्नात विष आहे, तो पांढरी गोळी आपण होऊन कशी गिळेल? आई विनवायची, रडायची, देवाच्या शपथा घालायची. मी तोंड मिटून बसायचे. मग चाळीतल्या कोणीतरी तिला सांगितलं, "तिच्या नकळत द्या हो. पेजेत घाला. काही कळत नाही."

मी तेव्हा फक्त पेज खात होते. तांदूळ आणि पाणी, त्यात कोणाला काही लपवता येणार नाही असं मला वाटायचं. जगात ती एकच सुरक्षित गोष्ट उरली होती. एका सकाळी वाटीच्या तळाशी मला पांढरी भुकटी दिसली. बोटाला लावली. कडू होती.

त्या क्षणाची भीती मी कितीही लिहिली तरी पुरी होणार नाही. इतके दिवस सगळे सांगत होते की तुझा भ्रम आहे, कोणी काही मिसळत नाही. आणि आता वाटीत होतं. आणि मिसळणारी माझी आई होती. आवाज काहीच बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती.

मी पेज सांडली, जिना उतरले आणि चालत सुटले. प्रभादेवीच्या एका गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर मामाला सापडले. तोवर पाणीसुद्धा मी कोणाच्या हातचं घेत नव्हते. मला वॉर्डात भरती केलं.

*

वॉर्डातले पहिले दिवस मला तुटक आठवतात. सकाळी स्टीलच्या मगात चहा. मग सिस्टर गोळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आ कर. जीभ वर. आता डावीकडे." गोळी गालात लपवायच्या सगळ्या जागा त्यांना ठाऊक होत्या. खिडकीला जाळी. दुपारी पंख्याचा आवाज, आणि त्यात कोणाचं तरी भजन, एकच ओळ.

शेजारच्या खाटेवर एक वयस्क बाई होत्या. पहिल्यांदा मला त्यांचीच जास्त भीती वाटायची. त्या माझ्याकडे टक लावून बघायच्या. मी चहा पीत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. एका सकाळी त्या उठून आल्या, माझा मग उचलला, एक घोट घेतला आणि पदराने तोंड पुसलं.

"बघ. मेले का मी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग पी. गार झाला तर मीच पिऊन टाकेन."

त्यानंतर रोज त्या माझ्या मगातला पहिला घोट घ्यायच्या. औषधांनी मी बरी झालेच, पण त्या घोटाचाही त्यात वाटा आहे असं मला अजून वाटतं. त्यांना न्यायला कोणी येत नव्हतं. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "जा. आता माझ्या चहाला चव राहणार नाही."

आवाज हळूहळू लांब गेला. एकदम बंद झाला नाही. शेजारच्या चाळीत लागलेल्या रेडिओसारखा झाला, मग दोन चाळींपलीकडचा, मग एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून ऐकलाच नाही.

आई भेटायला आली की खाली बघून बसायची. मी बरी होत गेले तशी तिला बोलावंसं वाटू लागलं. एकदा म्हणाली, "माका वाटला, पोटात गेला तर बरी होशील. तुका फसवूक नाय केलंय मी."

डॉक्टर तिला समजावत म्हणाल्या, "ताई, पुन्हा लपवून देऊ नका. एक वेळ तिने गोळी चुकवली तर मी बघेन. तिचा तुमच्यावरचा विश्वास गेला तर त्याला माझ्याकडे औषध नाही."

घरी आल्यापासून गोळी उघड्या तळहातावर दिली जाते. आई असली तर आई, नाहीतर मामी. देणाऱ्याने गोळीचं नाव मोठ्याने वाचायचं, मी घ्यायची. रूपालीला आधी त्याचं हसू यायचं.

*

आजार ओसरल्यावर सगळ्यांना वाटलं संपलं. माझी खरी भीती, घरीच बसून राहण्याची, तिथून सुरू झाली. गोळ्यांनी झोप यायची, वजन वाढलं, हात बारीक थरथरायचे. गॅलरीत उभी राहिले की येता-जाता कोणी विचारायचं, "काय, सुट्टी आहे वाटतं आज?" रोजच सुट्टी होती. मी आत जाऊन दार लोटायचे.

पडद्यापलीकडून मामा-मामीचं बोलणं ऐकू यायचं. मामी वाईट नाही. तिने माझं सगळं केलं. पण रूपालीला बघायला येणार होते आणि मामी म्हणत होती, "ती आत झोपलेली असली आणि त्यांनी विचारलं कोण, तर काय सांगू?" त्या दिवशी पाहुणे येऊन जाईपर्यंत मी चिंचपोकळी स्टेशनबाहेर बाकावर बसून राहिले. मला कोणी जायला सांगितलं नव्हतं.

मी ठिकठिकाणी अर्ज केले. मुलाखतीला गेले की प्रश्न ठरलेला, "मधला काळ काय करत होता?" मी म्हणायचे, "आईची तब्येत बरी नव्हती." खोटं बोलताना हात जास्तच थरथरायचे. मग ते हातांकडे बघायचे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीच मला दादरच्या एका संस्थेचा पत्ता दिला. मानसिक आजारातून उठलेल्या माणसांना तिथे काम शोधून देतात, आणि महत्त्वाचं म्हणजे काम लागल्यावर सोडून देत नाहीत. मर्लिन मिस तिथल्या. परळच्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या, एका कंपनीतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांना पट्टा बांधून दुकानादुकानातून फिरणाऱ्या. मला वाटलं होतं त्या आजाराबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "सकाळी किती वाजता डोळे उघडतात? खरं सांग. आठ? मग नऊची नोकरी बघून काय उपयोग?"

मी म्हटलं, "मिस, मला भीती वाटते की कामावर असताना परत होईल."

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "मग काय करायचं ते आत्ता ठरवू. नंतर धावपळ नको."

आमचं असं ठरलं की आवाज आल्यासारखं वाटलं तर मनातल्या मनात वाद घालायचा नाही. जवळच्या भरवशाच्या माणसाला सरळ विचारायचं, आत्ता कोणी बोललं का? मी विचारलं, आणि कामावर भरवशाचं माणूस नसेल तर? मिस म्हणाल्या, "ते तुझं तुला शोधावं लागेल. ते मी नाही लावून देऊ शकत."

त्यांनी मला आधी दादरला एका साड्यांच्या दुकानात लावलं. तिथे छतावर कॅमेरे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला ते सगळे माझ्याकडेच वळल्यासारखे वाटले आणि मी गादीवरून उठून, घड्या घालायच्या साड्या तशाच टाकून, अनवाणी पळाले. घरी येऊन रडले. आता मिस मला सोडणार, ही माझी खात्री होती. संध्याकाळी त्या पिशवीत माझ्या चपला घेऊन आल्या.

"पळालीस ते पळालीस, पायात घालून तरी पळायचंस! एवढ्या उन्हात!" मग पाणी पिऊन म्हणाल्या, "कॅमेरे आहेत हे मी बघायला हवं होतं. दुसरीकडे बघू."

*

दुसरीकडे म्हणजे लालबागला परबांचा डंका. मिसच्या घरचा, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा बाटली मसाला तिथेच कुटला जातो, म्हणून ओळख. पुढे मिरच्या आणि खडा मसाला विकायचं दुकान, मागे लोखंडी मुसळं वरखाली होणारा डंका. परबकाका डंक्यावर, परबकाकू गल्ल्यावर. मला काट्यावर बसायचं होतं. बाई सांगेल तसं एक किलो बेडगी मिरचीला धणे किती, दगडफूल किती, त्रिफळं किती, ते तोलून द्यायचं.

मिसनी आधीच विचारलं होतं, "त्यांना तुझ्या आजाराचं सांगायचं का? तू म्हणशील तसं." मी म्हटलं, नको, अजिबात नको. म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं की मुलगी बरेच दिवस घरी होती, कामाची सवय मोडली आहे, मी मधूनमधून येऊन बघत जाईन. काकू म्हणाल्या, "सवय लागेल गो. इथे मिरचीने शिंकून शिंकून सगळी झोप उडते."

ज्यांनी डंक्यावर मसाला करून घेतला नसेल त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे बायका मसाला टाकून निघून जात नाहीत. मिरच्या गच्चीवर वाळवून, घरी भाजून आणायच्या, आपला डबा डंक्यात रिकामा होताना बघायचा, आणि कुटून, चाळून परत डब्यात पडेपर्यंत समोर बाकावर बसून राहायचं. नजर हलवायची नाही. आपली बेडगी जाऊन दुसरीची गावठी येईल, आधीच्या बाईचा मसाला मुसळांखालच्या खळात राहिला असेल, काका मूठभर काढून ठेवतील, सगळ्या शंका. "आधी कोणाचा काढलात? त्यांचा मच्छीचा होता का? मग झाडून घ्या नीट!" काका कधी चिडत नाहीत. खळ उघडून दाखवतात, ब्रशने झाडतात.

मला ते बघून पहिल्या दिवशी कसंतरीच झालं. आपल्या खाण्यात कोणी काही मिसळेल म्हणून डोळे वटारून बसलेली अख्खी बाकभर माणसं, आणि त्यांना कोणी वॉर्डात नेत नव्हतं.

तरी भीती होतीच. रोज वाटायचं, आज हात जास्त थरथरणार, आज काकू विचारणार. पण डंक्याच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नाही, त्याचा मला आधार वाटायचा. मशीन थांबली की मी घाबरायचे.

*

मे महिन्यातली गर्दी होती. डंका नुकताच थांबला होता. मी बाकाकडे पाठ करून धणे तोलत होते. मागून स्पष्ट शब्द आले, "यात मिसळलंय."

माझ्या हातातलं माप खाली पडलं. शब्द तेच होते. अगदी तेच. आवाज बाईचा वाटला, पण मला कशाचीच खात्री उरली नाही. मागे वळून बघायचं धाडस होईना, कारण मागे भिंत असली तर? धणे जमिनीवर पसरले होते आणि मी त्यांच्याकडे बघत उभी होते. आता घरी जायचं, परत वॉर्ड, परत तो चहाचा मग, सगळं संपलं.

काकू माझ्या बाजूलाच होत्या. भरवशाचं माणूस आहे की नाही हे ठरवायला वेळ नव्हता. विचारलं तर कळणार, नाही विचारलं तर मी पळणार. मी विचारलं.

"काकू, आत्ता कोणी बोललं का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "बोललं का म्हणजे? गो, पुलाच्या पलीकडे ऐकू गेलं असेल! आंगणे आजी बोलतायत!"

मी वळले. आंगणे आजी परळहून दरवर्षी येणाऱ्या. डबा पुढे धरून उभ्या होत्या. "रंग बघा! माझा मसाला असा लालभडक कधी असतो? चाटून बघा, गोड लागतोय! तुम्ही कोणाचातरी मिसळलात!"

काकांनी खळ उघडला, रिकामा दाखवला. आजी ऐकेनात. बाकावरच्या बायका आपापले डबे मांडीवर घट्ट धरून सरसावून बसल्या. एवढ्यात आजींच्या मागे उभी असलेली सून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, लवंगी मिरची मीच काढून ठेवली. काश्मिरी वाढवली."

"काय केलंस?"

"डॉक्टरांनी तुम्हाला तिखट बंद करायला सांगितलं. तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, तुम्हाला कळणार नाही."

"पन्नास वर्षं मसाला करतेय मी! मला कळणार नाही?"

बाक हसून हसून लोटपोट झाला. एक बाई म्हणाली, "आजी, सून विष नाही घालत, जीव वाचवतेय तुमचा!" आजी म्हणाल्या, "मग तोंडावर सांगायचं! चोरून कशाला?" आणि डबा उचलून सुनेच्या पुढे तरातरा चालत्या झाल्या.

सगळे हसत होते. मी धणे गोळा करायला खाली बसले आणि तिथेच मला रडू फुटलं.

*

दुकानातली गर्दी ओसरल्यावर काकूंनी मला आत, मिरचीच्या पोत्यांपाशी नेलं. "तू मला असं का विचारलंस?"

मी सांगितलं. आवाज, पेज, वॉर्ड, सगळं. सांगताना मी काकूंच्या पायांकडे बघत होते. त्यांनी पाय थोडे मागे घेतले ते मला दिसलं.

"मला भीती वाटते गो," त्या म्हणाल्या. "मी खोटं कशाला बोलू."

"मलाही वाटते."

"तू अंगावरबिंगावर जातेस का कोणाच्या?"

"नाही. मी पळून जाते."

काकूंना हसू आलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मिसना फोन केला. मिस आल्या, बराच वेळ बोलल्या. काकांचा एकच मुद्दा होता, "आधी सांगायला हवं होतं." मिस म्हणाल्या, "सांगितलं असतं तर ठेवली असती?" काका प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "नसती."

मग काकूच म्हणाल्या, "आता आहे ना? राहू दे. पण माझी एक अट. तू विचारशील तेव्हा मी खरं ते सांगेन. मी 'नाही' म्हटलं तर ते ऐकायचं. पळायचं नाही."

मी हो म्हटलं. तशी अट मला कोणी घातली नव्हती.

त्यानंतर मी पुष्कळदा विचारलं. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असायचं, कारण लालबागला कोणी ना कोणी बोलतच असतं. गणपती जवळ आले, मांडव चढायला लागले. "काकू, कोणी बोललं का?" "अगो, माइक टेस्टिंग चाललंय त्यांचं! सकाळपासून हॅलो, हॅलो! मला वाटतं आता मलाच भरती करतील!"

*

पण सगळ्याच वेळा माइक नसतो.

पावसाळ्यात डंका बंद असतो. अशीच एक दुपार होती, समोर गिऱ्हाईक नव्हतं. मी डबा उघडला. आणि तो आला, शांत, जवळून, जणू मधला काळ गेलाच नव्हता. "खाऊ नको."

मी झाकण हातात धरून बसले. रस्त्यावर माइक नव्हता, ते मला कळत होतं. तरी मी विचारलं. "काकू. आत्ता कोणी बोललं का?"

काकूंनी रस्त्याकडे बघितलं, आत बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना 'हो' म्हणायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर मला दिसलं. अगदी म्हणणारच होत्या.

"नाही गो," त्या म्हणाल्या. "कोणी नाही बोललं."

मी डब्याचं झाकण लावलं. मी पळाले नाही. काकू उठून माझ्या बाजूला येऊन बसल्या, पाय मागे न घेता, आणि मिसना फोन लावला.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. औषध बदललं. भरती करावं लागलं नाही, वेळेवर आलीस असं डॉक्टर म्हणाल्या. गावाहून आई आली. काही आठवडे मी घरी होते आणि सगळ्यात मोठी भीती आजाराची नव्हती, काट्यामागची ती जागा जाईल याची होती. रूपाली येता-जाता दुकानाकडे बघून यायची. एक दिवस तिने सांगितलं, तिथे काकूंची जाऊ बसते आता. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई म्हणाली, "विचारून तरी ये. नाय म्हटलां तर नाय."

मी गेले. माझ्या जागी जाऊबाई बसल्या होत्या, बाहेर दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी पायरीवरच थांबले. आत जायची हिंमत होत नव्हती. काकूंनी मला पाहिलं आणि जावेला म्हणाल्या, "ऊठ गो, तिची जागा आहे ती."

जाऊबाई उठल्या. त्यांना सगळं ठाऊक असणार. मला वरपासून खालपर्यंत बघत त्यांनी विचारलं, "आता बरी आहेस ना?"

मी खरं ते सांगितलं. "आज बरी आहे. पुढचं माहीत नाही."

"आजचंच विचारलं तिने," काकू म्हणाल्या. "धणे संपलेत. गोणी फोड."

मी चपला काढून आत गेले आणि गोणीपाशी बसले. तोंडाच्या सुतळीची गाठ घट्ट होती. हात थरथरत होते, नव्या गोळ्यांनी की भीतीने, ते मला कळत नव्हतं. एका बाईने बाहेरून विचारलं, "अहो, धणे देताय ना?" गाठ सुटता सुटत नव्हती. काकूंनी माझ्या हातून ती घेतली नाही. गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाल्या, "थांबा जरा. येतेय ती."